लग्न लावून दिलं की सुधारेल का?

गेल्या अंकात एका मुलाने विचारलं होतं, "मला मुलं आवडतात, हा आजार आहे का?" मी उत्तर दिलं होतं, "नाही." त्या उत्तरावर आलेली पत्रं वाचून मी या महिन्यात वाटणीचे वाद, सासू-सुना, मुलांचे मोबाइल असं सगळं बाजूला ठेवलं आहे. पत्रं थोडी छोटी केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते. मोडायला आलेली लग्नं रोज माझ्या टेबलापाशी यायची. मी जे लिहिते ते तिथे बसून पाहिलेलं आहे.

*

ताई, आम्ही सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. द्राक्षबाग आहे, मिस्टरांना गावात मान आहे. मुलगा सत्तावीस वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. दोन वर्षं स्थळं बघतोय, दर वेळी काहीतरी कारण काढतो. गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आई, मला मुलींबद्दल तसं कधीच वाटलं नाही. मी गे आहे." ह्यांना कळल्यापासून हे त्याच्याशी बोलत नाहीत. म्हणतात, दोनाचे चार हात झाले की डोक्यातलं खूळ जाईल. जतकडचं एक स्थळ आलंय. मुलगी बी.एस्सी., साध्या घरची, फार बोलणारी नाही. इथल्या एका डॉक्टरांनी इंजेक्शनं आणि संमोहनाचा कोर्स सांगितलाय, अठरा हजारांचा. लहानपणी मी त्याला फार जवळ केलं म्हणून असं झालं का? आमचं काय चुकलं? — एक आई

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो तुम्हाला झोपू देत नसणार. तुमचं काही चुकलेलं नाही. आईच्या मायेने कुणी समलिंगी होत नाही आणि बापाच्या धाकाने कुणी बदलत नाही. असे मुलगे धाकातल्या घरांत जन्मतात, लाडातल्या घरांत जन्मतात, एकत्र कुटुंबात आणि एकट्या आईच्या हाताखालीही वाढतात. वाढवण्यात काही राहून गेलं असेल, अशी शोधाशोध करू नका. सापडणार नाही, कारण ते तिथे नाहीच.

आता डॉक्टरांबद्दल. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये काढली. आपल्याकडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. जो आजारच नाही त्यावर उपचार कसला? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सगळ्या राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं आहे, की समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे तुमच्या गावचे ते डॉक्टर जे सांगताहेत त्याबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. तक्रार कराल न कराल, पण मुलाला त्या दवाखान्याची पायरी चढू देऊ नका. असे 'कोर्स' करून आलेली मुलं मी पाहिली आहेत. आवड तीच राहते. जाते ती झोप, भूक आणि घरच्यांवरचा विश्वास.

आणि आता त्या जतच्या मुलीबद्दल. ताई, तुमच्या पत्रात तिच्याविषयी एक छोटंसं वाक्य आहे. साध्या घरची, फार बोलणारी नाही. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि उठून खोलीत येरझाऱ्या घातल्या. फार बोलणारी नाही म्हणून ती चालेल, असं तुमच्या घरात ठरत आहे. ती कुणाकडे तक्रार करणार नाही, माहेरी परत जाणार नाही, अंगाला कुणी हात लावत नाही हे कुणाला सांगणार नाही, म्हणून ती पसंत आहे. तुम्ही असा विचार केला नसेल. तुम्ही फक्त नवऱ्याने सांगितलेलं लिहिलंत. पण त्याचा अर्थ हाच होतो.

मी तुम्हाला पुढचं सांगते, कारण ते माझ्या टेबलावर यायचं. हळद होते, अक्षता पडतात, पूजा होते, जोडपं महाबळेश्वरला जाऊन येतं. मुलगा ऑफिसातून उशिरा यायला लागतो. सुनेला वाटतं आपल्यातच काही कमी आहे. ती बारीक व्हायचा प्रयत्न करते, उपास धरते, नवीन साड्या नेसते. वर्षभराने लोक विचारायला लागतात. मग सासू तिला डॉक्टरकडे नेते. मुलाला सगळं माहीत असतं आणि तो तोंड उघडू शकत नाही. तो घरात जिवंत असून नसल्यासारखा होतो. दोन्हीकडची माणसं माझ्यापुढे बसायची तेव्हा दोन्ही आया रडायच्या, आणि मुलाची आई हमखास म्हणायची, "आम्हाला वाटलं, लग्न झालं की होईल सगळं नीट." ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांच्यापैकी एकाही घरात ते नीट झालेलं मी पाहिलं नाही.

आपल्याकडे मूल पाळण्यात असतं तेव्हाच शेजारीण म्हणते, "माझी सून तयार आहे हं." शाळेत मुलाने मुलीशी बोललं तर चिडवतात, मुलाशी बोललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. कॉलेज संपलं की "लाडू कधी?" सुरू. या सगळ्यात एकदाही कुणी त्या मुलाला विचारत नाही, की बाबा रे, तुला कोण आवडतं? उत्तर आपणच आधी लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या मुलाने सत्तावीस वर्षं ते ऐकून घेतलं आणि शेवटी तुम्हाला खरं सांगितलं. स्थळाला होकार देऊन मोकळं होणं त्याला सोपं होतं. त्याने ते केलं नाही, एका परक्या मुलीचं आयुष्य वाचवलं. तुम्ही त्याला चांगलं वाढवलंय, ते मला इथे दिसतं.

आता काय करायचं? जतच्या लोकांना आजच निरोप पाठवा, 'मुलाचा विचार नाही' एवढाच. कारण द्यायची गरज नाही. मुलाला फोन करा आणि जेवलास का विचारा. त्याने ते सांगितल्यानंतर तुम्ही त्याला हे विचारलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. मिस्टरांना वेळ लागेल. भावकी काय म्हणेल, सोसायटीच्या मीटिंगला कोण काय बोलेल, हे त्यांच्या मनात असणार. त्यांच्याशी वाद घालू नका, पण 'लग्न' हा विषय घरात बंद झाला आहे, एवढं ठामपणे सांगा. अशा मुलांच्या आई-वडिलांचे गट आता आहेत. मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकंही लिहिली. दुसऱ्या एखाद्या आईशी बोललात की मन हलकं होईल. मला हवं तेव्हा लिहा.

*

माझं वय एकतीस, नाशिकला असते. लग्नाला चार वर्षं झाली. नवरा सरकारी नोकरीत, निर्व्यसनी, कधी आवाज चढवला नाही. पण आमच्यात नवरा-बायकोसारखं काही नाही. सासूबाईंनी माझ्या तपासण्या केल्या, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला. जूनमध्ये त्याच्या फोनवरचे मेसेज दिसले. त्याने रडत कबूल केलं, की त्याला पुरुष आवडतात, सोळाव्या वर्षापासून माहीत होतं, वडिलांना लग्नाआधी सांगितलंही होतं. सासूबाई म्हणतात, बाहेर बोललीस तर घराची अब्रू जाईल. मला त्याचा राग येतो आणि त्याची कीवही येते. मी काय करू?

मुली, राग आणि कीव दोन्ही खरे आहेत. एकासाठी दुसरं दाबून टाकायची गरज नाही. तुझा नवरा स्वतःच्या घरात कोंडला गेला होता, हे मी मानते. पण त्या कोंडीची किंमत तू भरायची नव्हतीस. ती तुझ्याकडून भरून घेतली गेली, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनीच तुला पूजेला बसवलं. तुझ्यात काहीही कमी नाही. हे वाक्य रोज स्वतःला ऐकव, चार वर्षं उलटं ऐकलंयस.

आधी तब्येत. सिव्हिल हॉस्पिटलच्या समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि गुप्त राहते. तो समलिंगी आहे म्हणून हे सांगत नाही. लग्नाबाहेर संबंध असलेल्या कुठल्याही नवऱ्याच्या बायकोला मी हेच सांगते. तुमच्यात शारीरिक संबंध कधीच आला नसेल तर ही काळजीही नको.

मग कायदा, आणि इथे वेळ महत्त्वाची आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 मध्ये, महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतर तू राजीखुशीने त्याच्याबरोबर नवरा-बायको म्हणून राहत असलीस तर तो अर्ज टिकत नाही. तुला जूनमध्ये कळलं. म्हणजे पुढचा जून ही तुझी मर्यादा आहे. लग्नानंतर शारीरिक संबंध कधीच आला नसेल तर वकील आणखी एक मार्ग सांगतील. नवऱ्याची तयारी असेल तर परस्परसंमतीने घटस्फोट हा त्यातल्या त्यात कमी त्रासाचा रस्ता, आणि माझ्या अनुभवात असे नवरे बहुधा तयार होतात, आई-वडील नसले तरी. फीची चिंता करू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. दागिने आणि माहेरच्या वस्तू तुझं स्त्रीधन आहे. यादी कर, फोटो काढून ठेव.

अब्रूचं म्हणशील तर अशी प्रकरणं बंद खोलीत चालतात, त्यातला मजकूर छापायलाही कायद्याची मनाई आहे. माहेरी जरूर सांग. वकिलाला सगळं सांग. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नकोस. त्याची गोष्ट चव्हाट्यावर आणून तुला न्याय मिळणार नाही, आणि त्याची नोकरी, जीव, काहीही जाऊ शकतं. सासूबाईंनी गप्प राहायला सांगितलं म्हणून हे म्हणत नाही. कुठे बोलायचं ते तू ठरवायचंस, एवढंच.

*

मी निवृत्त बँक अधिकारी, पुणे. आपलं मासिक तीस वर्षं घेतो. घरात नाती वाचतात. पाश्चात्त्यांकडून आलेली ही थेरं कौटुंबिक मासिकात कशाला? आपल्या संस्कृतीत हे नव्हतं.

महोदय, तीस वर्षं आमच्यावर लोभ ठेवलात म्हणून तुम्हाला सविस्तर उत्तर देते.

बाहेरून काय आलं ते पाहू. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडविधानात घातलं. इंग्लंडने स्वतःकडचा तसा कायदा 1967 मध्ये शिथिल केला. आपण मात्र त्यांचं कलम 2018 पर्यंत सांभाळलं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी निकालात लिहिलं, की या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. कुटुंबीयांचीसुद्धा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

राहिली मराठी मासिकाची गोष्ट. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि 1953 पर्यंत चालवलं. त्यात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे. अशाच उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यातल्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचा प्रश्नही होता. कर्व्यांची बाजू मांडायला वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक अडचण विचारत असतील तर जाणकाराने उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची भूमिका होती. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणसं मासिकाला हेच विचारत होती आणि एक मराठी संपादक दंड भरून उत्तरं देत होता. मी त्यांच्या मागून चालते आहे आणि त्याचा मला अभिमान आहे.

आणि गप्प राहिलं की काय होतं तेही सांगते. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपुरात वाढलेले, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. त्यांच्या कवितेला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. अलीगढच्या विद्यापीठात ते विभागप्रमुख होते, निवृत्ती तोंडावर आली होती. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले आणि ते एका पुरुषाबरोबर असतानाचं चित्रण केलं. निलंबित कोणाला केलं? घुसलेल्यांना नव्हे, सरांना. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले. आपल्या भाषेचा एक माणूस परमुलखात असा एकटा गेला आणि त्याच्यासाठी महाराष्ट्रात फारसं कुणी हललं नाही. मला ते आजही सहन होत नाही.

तुमच्या नातींनी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. त्यांच्या वर्गात अशी एखादी मुलगी असेल, आणि तिला त्यांच्यासारखी मैत्रीण लागेल.

*

चिपळूण तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवतो. नववीतला एक मुलगा हळू बोलतो, स्नेहसंमेलनात लावणी नाचला. तेव्हापासून मुलं 'बायल्या' म्हणतात, आणखी वाईटही म्हणतात. तो आता मधल्या सुट्टीत मुतारीत जात नाही, शाळा सुटेपर्यंत थांबतो. मुख्याध्यापक म्हणतात, त्यालाच सांगा, पुरुषासारखं वाग म्हणून. हा मुलगा समलिंगी असेल का? मी काय करावं?

सर, तो समलिंगी आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, आणि कदाचित त्यालाही अजून माहीत नसेल. शोधायला जाऊ नका. लावणी नाचणारा प्रत्येक मुलगा समलिंगी नसतो आणि कबड्डी खेळणारा प्रत्येक मुलगा तसा नसतोच असंही नाही. तुमच्यासमोरचा प्रश्न एवढाच आहे, की चौदा वर्षांचं पोर दिवसभर लघवी दाबून धरतं आहे. तो आजच सोडवायला हवा. मधल्या सुट्टीत तुम्ही किंवा शिपाईमामा त्या बाजूला उभे राहा. शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्याला द्या, गाजावाजा न करता.

मुलं तो शब्द तुमच्यासमोर उच्चारतील तेव्हा शिकवणं थांबवा. हसून सोडू नका, 'चला चला, धडा काढा' म्हणू नका. जो बोलला त्याला नावाने उभं करा, हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही, एवढं सांगा. प्रत्येक वेळी सांगा. मुलं शिक्षकाचा चेहरा वाचतात. एक शिक्षक ठाम उभा राहिला की महिन्याभरात वर्गाचा सूर बदलतो. पुढाकार घेणाऱ्या दोन-तीन मुलांच्या पालकांना बोलवा, त्या मुलाच्या पालकांना मात्र 'तुमचा मुलगा असा आहे' म्हणून बोलावू नका. घरी तो मार खाईल.

मुख्याध्यापकांना विचारा, की त्रास देणारे तीस आणि सोसणारा एक, तर समज कुणाला द्यायची? आणि पुढच्या संमेलनात त्याला नाचायचं असेल तर नाचू द्या. पहिली टाळी तुमची असू द्या. तो फारच गप्प झाला, जेवण सोडलं, जिवाचं काही बोलला, तर चाइल्डलाइनचा 1098 आणि मानसिक आरोग्याचा 'टेलिमानस' 14416 हे नंबर लिहून ठेवा.

*

वय तेवीस, सोलापूर. अॅपवर एकाशी ओळख झाली, भेटायला गेलो तर तिथे चौघे होते. व्हिडिओ काढला, फोनवरून पैसे घेतले. अजून मागतात. घरी सांगू अशी धमकी देतात. पोलिसांत गेलो तर मलाच पकडतील का?

नाही. तू गुन्हा केलेला नाहीस. 377 चा काळ संपला, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. गुन्हा त्या चौघांनी केला आहे, खंडणीचा. आता एक पैसाही देऊ नकोस. देत राहिलास तर मागणं थांबत नाही. मेसेज, नंबर, पैसे गेल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट काढ, काहीही डिलीट करू नकोस. 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन कर. पोलीस ठाण्यात एकटा जाऊ नकोस, वकील किंवा भरवशाचा मित्र बरोबर घे, आणि तक्रारीत खंडणी आणि व्हिडिओची धमकी यावर भर दे. घरच्यांना कळण्याची भीती फार मोठी आहे, मला कळतं. पण एखाद्या बहिणीला, मामाला, कुणालातरी आज रात्रीच सांग. त्या चौघांची सगळी ताकद तुझ्या एकटेपणावर आहे.

*

आम्ही दोघी ठाण्यात अकरा वर्षं एकत्र राहतो. एक शिक्षिका, एक लॅब टेक्निशियन. सोसायटीत 'मावसबहिणी' म्हणून ओळख आहे. गेल्या वर्षी एकीचं ऑपरेशन झालं, तेव्हा रुग्णालयात विचारलं, "नातं काय? घरच्यांना बोलवा." फ्लॅट एकीच्या नावावर आहे. पुढे काय होईल याची भीती वाटते.

मैत्रिणींनो, 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला नाही. त्यामुळे विवाहाने जे आपोआप मिळतं ते तुम्हाला एकेक कागद करून मिळवावं लागणार. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याविरुद्ध लढताना कागद अपुरे ठेवू नका.

सगळ्यात आधी मृत्युपत्र. दोघींनी आपापलं करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. नोंदणी सक्तीची नाही, तुम्ही मात्र कराच. कारण मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट वारसा कायद्याने माहेरच्यांकडे जाईल. सोसायटीत नुसतं नामनिर्देशन करून थांबू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँकेचं सोपं झालं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाखेत कुणी अडवलं तर हे सांगा. शिधापत्रिकेवरही तुम्ही एक कुटुंब म्हणून नोंद मागू शकता, तशा सूचना केंद्राने राज्यांना दिल्या आहेत.

रुग्णालयासाठी, आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा हे लिहून त्यावर दोन साक्षीदार घ्या आणि नोटरी करा. प्रत दोघींच्या पर्समध्ये, एक फॅमिली डॉक्टरांकडे. दाखल होतानाच ती फाइलला लावा, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नव्हे.

मावसबहिणी म्हणून राहायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी इकडून धीर देणं सोपं आहे, त्या जिन्यावरून रोज तुम्हाला जायचं आहे. मद्रास उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये एका निकालात म्हटलं, की कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही. अकरा वर्षं एकमेकींची दुखणी-खुपणी काढलेल्या तुम्ही दोघी माझ्या लेखी कुटुंबच आहात.

*

मी एकोणीस वर्षांची. दादा गे आहे, हे मला आणि आईला माहीत आहे. यंदा गणपतीला तो त्याच्या जोडीदाराला रत्नागिरीला गावी आणतोय. आजीला काय सांगू?

आधी दादाला विचार, की कुणाला किती सांगायचं. हे सांगणं त्याच्या हातात आहे, तुझ्या नाही. तो पाहुणा आला की त्याला बाहेरच्या पडवीत एकटा बसवू नका. मोदकाला, मखराला, आरतीला हाताशी घ्या. आजीने विचारलंच, तर दादाकडे बघ. तो बोलला नाही तर "आजी, हा दादाच्या फार जवळचा आहे" एवढं म्हण, ते खरंच आहे. कुणी "ह्याचं लग्न ठरलं का?" म्हणून मागे लागलं तर विषय तू बदल, ते दोघांना जड जाईल. आणि झोपायची व्यवस्था आईशी बोलून आधीच लावून ठेव. गणपतीत घर भरतं, ऐनवेळी काका कुठेतरी अंथरूण टाकायला सांगतील आणि दादाला काही बोलता येणार नाही.